लोकर सावलीत वाळते

"लेकरू आलं का जी घरी, टेकचंदभाऊ?" धुरपताबाईनं सांदवाडीच्या भिंतीवरून मान काढून विचारलं, तेव्हा माझे हात कोपरापर्यंत मेंढीच्या वासाचे झाले होते आणि घरात पन्नाशी ओलांडलेला मी आणि आड्यावरची एक पाल यांच्याखेरीज कोणी नव्हतं. प्रश्न तसा वाजवी होता. ओसरीच्या सावलीत बाज टाकलेली, बाजेवर जुनं धोतर अंथरलेलं, आणि धोतरावर लोकरीच्या दोन इवल्या चड्ड्या, पाय फाकवून, उताण्या. तान्ह्या मुलाला लंगोटावरून घालतात तसल्या. विधुराच्या दोरीवर शेजाऱ्यांची नजर काय शोधते हे मला दोन वर्षांत कळलं आहे: बनियनला किती भोकं पडली, टॉवेल कधी धुतला होता, आणि एखादं परकं लुगडं केव्हा दिसतं. लुगडं दिसलं असतं तरी बाईला एवढा धक्का बसला नसता. मी म्हणायला हवं होतं, काही नाही बाई, जुनं आहे, हिवाळ्यात एकदा धुवून ठेवायचं असतं. वाक्य तयार होतं. तोंडातून निघालं ते दुसरंच. "येऊन राहिलं," मी म्हणालो. "शकुन येऊन राहिली? बाळंतपणाले?" "हो." "मंग मले काहून नाई सांगितलं? मी काय मेली होती?" असं म्हणून तिचं डोकं भिंतीमागे गेलं. धुरपताबाईचं डोकं भिंतीमागे गेलं, की बातमी रस्त्याला लागली असं समजावं.

खोटं म्हणावं तर त्यात खोटं काहीच नव्हतं. लेकरू येतच होतं. ते माझ्या घरी येत होतं असं मात्र कोणी म्हटलेलं नव्हतं. शकुन ही माझी एकुलती मुलगी. ती वरठीला असते, जावई भोजराज तिथल्या पोलादाच्या कारखान्यात आहे. वरठी म्हणजे काही विलायत नाही. भंडाऱ्याचे सायकलवाले पहिल्या पाळीला जातात आणि दुपारी घरी येऊन जेवतात. तिला सातवा सुरू होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम आमच्याकडे इतका पक्का, की मी ज्या विणकर सोसायटीचा सचिव आहे तिच्या उपविधीतलं एकही कलम त्याच्या जवळपास जात नाही. पण माहेर म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या कुठे दिलेली नाही. मी समजत होतो, घर: पुढे दार, मागे सांदवाडी, मध्ये बाप. माझी बायको कौशल्या गेल्यावर हळूहळू ध्यानात आलं, की माहेर ही एक बाई असते आणि घर म्हणजे तिच्या डोक्यावरची कौलं. तरी मी वाट पाहत होतो. कोणीतरी विचारील. भोजराज मोटारसायकल उभी करून म्हणेल, मामाजी, शकुनले इथं पाठवू का? आणि मी चष्मा पुसेन, जरा वेळ घेईन, आणि म्हणेन, घर तिचंच आहे. हे उत्तर मी घासूनपुसून ठेवलं होतं. मला कोणी 'नाही' म्हटलं नाही, हीच अडचण होती. नाही म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. इथे माझा विषयच निघाला नव्हता. सोसायटीत बंद पडलेले माग असतात. त्यांना कोणी बंद म्हणत नाही, चालू मागांची नावं वाचताना त्यांच्यापाशी नुसतं थांबत नाहीत.

त्या चड्ड्या शकुनच्याच. ती झाली तेव्हा मी चिखल्याला मँगनीजच्या खाणीवर, स्टोअरमध्ये कारकून होतो. कॉलनीत पांढरा लंगोट दोरीवर टाकावा आणि संध्याकाळी राखाडी काढावा, अशी तिथली हवा. शेजारी एका ओव्हरमनची पहाडी बायको राहायची. तिनं आपल्या गावाकडची न धुतलेली लोकर कौशल्याच्या ओटीत टाकली, हाताला तेल लागावं तशी चिकट, आणि समोर बसवून तीन चड्ड्या विणवून घेतल्या. "बहनजी, इसको रोज-रोज नहीं धोना. हवा दिखाओ, बस." लोकरीच्या अंगात मेंढीचं तूप असतं, ते आहे तोवर ती आतली ओल पिते आणि बाहेरून कोरडी राहते. उकळत्या पाण्यानं, सोड्यानं, उन्हानं ते तूप जातं. आमच्या घरात हे म्हणजे धर्मांतर होतं. आम्ही सुताचे लोक. सूत उकळावं, आपटावं, पिळावं, खळ पाजावी, उन्हात ताणून धरावं. जितकं छळाल तितकं ते सुधारतं, आणि आमच्याकडे पोरंही त्याच पद्धतीनं वाढवतात. माझी आई गिरजाबाई खाणीवर पाहुणी आली आणि नातीची चड्डी न धुता नुसती वाऱ्यावर टाकलेली पाहून दारातच थबकली. कौशल्या म्हणाली, "मामीजी, लोकर हाये." आईनं जरा विचार केला. "लोकर हाये तं चालते," ती म्हणाली, "लोकर विटाळत नाई." पूजेला लोकरीची धाबळी नेसतात ती याच नियमानं. एक पहाडी बाई आणि सगळे ऋषी एका चड्डीपाशी येऊन भेटले, आणि आई हात धुवून जेवायला बसली.

पुढे आम्ही भंडाऱ्याला आलो. शकुन चालायला लागली, शाळेत गेली, दोन वेण्या घालू लागली, पण चड्ड्या काही घरातून गेल्या नाहीत. दर हिवाळ्यात कौशल्या त्या पेटीतून काढायची, कसर लागली का पाहायची, धुवायची, तूप पाजायची, सावलीत पसरायची, आणि कडुनिंबाचा वाळका पाला घालून परत ठेवायची. कशासाठी, हे मी कधी विचारलं नाही. पहिली काही वर्षं विचारायची गरज नव्हती. उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होतं आणि ते दर महिन्याला चुकत होतं. नंतर विचारणं बरं दिसलं नसतं. आणीबाणी आली आणि गेली, सोसायटीत जनता साडी आली आणि गोदामात राहिली, आणि प्रत्येक हिवाळ्यात ओसरीच्या सावलीत ती बाज. मी ऑफिसातून येऊन म्हणायचो, "तुझ्या पेटीसारखं सोसायटीचं गोदाम राहिलं असतं, तर मला वरून पत्रं आली नसती." ती हसायची नाही. चड्डी दाबताना ती तोंड मिटून घ्यायची, जणू तोंड उघडलं तर हात जोरात दाबतील. धुऊन झाल्यावर भांड्यात मेंढीचं तूप उरायचं. ते ती टाकून देत नसे; उंबऱ्यावर बसून टाचांच्या भेगांत भरायची. त्या रात्री अंथरुणात मेंढी शिरल्यासारखा वास यायचा आणि मी कूस बदलून कुरकुर करायचो. वर्षातून एकच रात्र. बाकीच्या रात्रींत कसला वास यायचा, ते मला आता आठवत नाही. आठवते ती हीच.

ती गेली त्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी पेटी उघडली. मेंढीचं तूप, पहाडी बाई, हवा दिखाओ, हे सगळं मला बोलण्यापुरतं ठाऊक होतं. पण हात विणकराचे होते आणि हातांनी डोक्याला विचारलं नाही. मी चुलीवर भगुनं ठेवलं, रेशमाच्या कोशाला घालतात तसा सोडा घातला, एक चड्डी उकळली, आपटली, पिळली आणि भर उन्हात ताणून बांधली. संध्याकाळी दोरीवरून जे काढलं ते घोंगडीच्या तुकड्याएवढं जाड आणि मुठीएवढं लहान होतं. त्यात बाहुलीचंही मूल मावलं नसतं. नात्यातलं कोणी मेलं तर सुतक पाळता येतं, चड्डीचं पाळता येत नाही. शेवटी माझा चष्मा तीत बरोबर बसतो असं दिसलं, तेव्हापासून ती चष्म्याचं घर आहे. सोसायटीच्या मीटिंगला मी तीतून चष्मा काढतो तेव्हा चेअरमनला ती खादी ग्रामोद्योगची वस्तू वाटते.

म्हणून या वर्षी मी आधी बाबुलालच्या औषधाच्या दुकानी गेलो. "लोकरीचं तूप आहे का?" बाबुलालनं मला नीट पाहून घेतलं. "कोणत्या रोगाले, सचिवजी?" "चड्डीला." दुकानात दोन बाया होत्या, त्या खोकल्याचं औषध विसरून ऐकू लागल्या. बाबुलालनं आवाज खाली आणला. "चड्डीच्या आत खाज हाये का?" शेवटी डबी निघाली, मलमवाले वापरतात ती, पिवळी, चिकट. घरी येऊन मी कढत पाण्यात साबणाचा कीस आणि बोटभर तूप फेटलं, दुधासारखं झालं ते निवत ठेवलं, अगदी कोमट होईपर्यंत. चड्ड्या उलट्या करून आधी गार पाण्यात नुसत्या बुडवल्या, चोळल्या नाहीत, मग त्या दुधात ठेवल्या आणि समोर बसून राहिलो. करण्यासारखं काही नव्हतं. सुताला बाप लागतो, लोकरीला नुसतं कोणीतरी जवळ बसलेलं लागतं. मग टॉवेलात गुंडाळून दाबल्या. दाबताना माझं तोंड मिटलेलं होतं, हे मला चड्ड्या बाजेवर पसरल्यावर कळलं. आणि तेवढ्यात भिंतीवरून धुरपताबाईचं डोकं आलं.

दुसऱ्या दिवशी सोसायटीत शिपायानं पेढे मागितले. बाबुलालनं दुकानातून हात जोडले आणि मान हलवली. त्याच्या मनातल्या रोगाचा उलगडा झाला होता. धुरपताबाई डिंकाचे लाडू वळायला बसली आणि न्हाणीचा फुटका दगड बदलून घ्या म्हणून मला तंबी देऊन गेली. मी दगड बदलला. मधल्या खोलीतला कागदपत्रांचा ढीग हलवला, खिडकीला पडदा लावला, बाजेची दोरी आवळली. एवढं करताना मनात सारखं एकच, की अजून कोणी विचारलेलं नाही. एका दुपारी मी सायकल काढली आणि वरठीच्या रेल्वे फाटकापर्यंत गेलो. फाटक बंद होतं. मालगाडी गेली, फाटक उघडलं, पाळी सुटलेले लोक घंट्या वाजवत समोरून आले, आणि मी टपरीवर चहा घेत उभा राहिलो. काय म्हणायचं? एक बाप जावयाच्या दारात उभा राहून म्हणतो, तुमच्या बायकोचं बाळंतपण मी करीन. पुरुषमाणसानं असं म्हणायचं कसं, याचा नमुना माझ्यापाशी नव्हता. आणि ते जर हसले, तर परतीच्या सगळ्या रस्त्यावर ते हसू सोबत येणार. विचारायचं त्यांनी. मी लेकीच्या बाजूचा. मी कसा तोंड उघडणार? फाटक पुन्हा बंद झालं. मी डझनभर केळी घेतली आणि परत आलो. केळी मी आणि पालीनं खाल्ली असं म्हणायला हरकत नाही; पालीच्या वाटची तशीच काळी पडली.

त्या आठवड्याच्या अखेरीस दारात भाड्याची जीप थांबली. भोजराज उतरला, मग पोट सांभाळत शकुन, आणि मागून तिची सासू कुंताबाई, माझी विहीण, एकोडी गावची. त्यांच्या घरचा माग आजोबांच्या काळातच मोडला; आता धानाची शेती, आणि बोलणंही शेतावरून शेतावर ऐकू जाईल असं. जीपच्या टपावर शकुनची पेटी बांधलेली होती. मी पेटीकडे पाहिलं आणि मधल्या खोलीचं दार उघडायला वळलो. "राम राम, इवाईजी," कुंताबाई म्हणाली, "जेवाचं मांडू नका. आठवा लागाच्या आत पोट्टीले एकोडीले पोचवाची हाये. च्या घेतो अन् जातो."

"मला वाटलं," मी म्हणालो, "धुरपताबाई म्हणत होत्या..."

"तेच तं आमी ऐकलं! वरठीभर झालं ना जी, शकुनचे बाबूजी न्याले येऊन राहिले म्हून. हिनं पेटी भरली, दारात ठेवली. मी म्हटलं, थांबा, माहेरचा मान हाये, येऊ द्या त्याइले. रोज संध्याकाळी पोट्टी दारात. आता आठव्यात तं गाडीत घालत नाई. किती थांबाचं?"

"मी तुमच्या विचारण्याची वाट पाहत होतो."

"कोणी विचाराचं?" तिला खरंच कळलं नाही. "लेक काय विचारून येते माहेरी? तिले न्याले जा लागते. मुराळी लागते. कौशल्याबाई असती तं तुमाले ढकलून धाडलं असतं." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. मुराळी म्हणजे सासरहून लेकीला आणायला जाणारा माहेरचा माणूस, एवढं मला ठाऊक होतं. तो माणूस म्हणजे मी, हे सांगणारी मात्र घरात उरली नव्हती. मी शकुनकडे पाहिलं. ती न्हाणीच्या नव्या दगडाकडे पाहत होती. फाटक, मालगाडी, केळी. त्या दुपारी ती कुठल्या दारात उभी होती, हे मी विचारलं नाही. "मग आता राहू द्या ना तिला," मी म्हणालो. "खोली तयार आहे."

"अन् करीन कोण? तेलमालिश, शेक, धुरी? तुमी?"

आधी भोजराज हसला, मग दारातला ड्रायव्हर हसला, मग मीही हसलो, कारण हसलो नसतो तर मी खरंच तसं म्हणत होतो असा अर्थ झाला असता. शकुन हसली नाही. ती आईच्या पेटीपाशी गेली, झाकण उघडलं, चड्ड्यांवरचा पाला झटकला आणि विचारलं, "हे अजून आहे, बाबा?" "तुझंच आहे. तुझ्या आईनं..." तिनं एक चड्डी उचलून नाकाशी धरली. तशीच धरून राहिली. कुंताबाईनं बशीतला चहा संपवला, बाहेर जीपचा हॉर्न झाला, तरी ती तशीच. "आईच्या टाचा," ती म्हणाली. लहानपणी ती आमच्या पायथ्याशी आडवी झोपायची. म्हणजे ती रात्र हिलाही होती. इतकी वर्षं मी समजत होतो, की जगात तो वास ओळखणारा मी एकटाच उरलो आहे.

"कायले नेतं ते जुनं?" भोजराज म्हणाला. "नागपूरले रबराच्या चड्ड्या भेटतात, मामाजी. एकदम फस्क्लास." कुंताबाईनं लोकर बोटांत चोळून पाहिली. "राहू दे रे. लोकर हाये. लोकर विटाळत नाई," ती म्हणाली, आणि माझी आई वीसेक वर्षांनी पुन्हा बोलली. "पण धुवाची कशी, इवाईजी?" सगळं सांगायला मी तोंड उघडलं. गार पाणी, तूप, टॉवेल, सावली. चार वाक्यांचं काम होतं. आणि तोंड मिटलं. "सांगून येत नाही," मी म्हणालो. "जरा चुकलं, की असं होतं." मी खिशातून चष्म्याचं घर काढलं, चष्मा बाहेर घेतला आणि ती मुठीएवढी चड्डी त्यांच्यापुढे धरली. "वास आला की माझ्याकडे पाठवा. मी धुवून देत जाईन."

"इवाई धोबी झाले का जी?" कुंताबाई म्हणाली.

"लोकरीपुरता," मी म्हणालो.

आयुष्यात सोसायटीसाठी मी बरीच कंत्राटं मागितली, पण इतक्या निर्लज्जपणे नाही. जीप निघताना धुरपताबाई पदर खोचून धावत आली, लाडवांचा डबा खिडकीतून आत कोंबला आणि माझ्याकडे न पाहता परत गेली. रात्रीपर्यंत तिच्या घरून भांडी आपटल्याचा आवाज येत होता.

मुलगी झाली. बारशाला मी एकोडीला गेलो; मला अंगणातली सर्वांत चांगली खुर्ची दिली, आणि नात चहा निवेपर्यंत मांडीवर दिली. मग ती भुकेली झाली आणि आत गेली, आणि आत बायकांचं राज्य. मी धानाविषयी बोलत बसलो; मला धानातलं काही कळत नाही. परतीच्या बसमध्ये तिचा चेहरा आठवायला गेलो तर टोपरं तेवढं आठवलं. मग होळीच्या आधी एका सकाळी भोजराज एकोडीहून ड्यूटीवर जाता जाता दारात थांबला. गाडी बंद केली नाही. "आईनं धाडलं," म्हणाला आणि पिशवी माझ्या हातात देऊन वरठीच्या रस्त्याला लागला.

पिशवीत त्या दोन चड्ड्या होत्या. मी त्या लगेच धुतल्या नाहीत. आधी बाजेवर ठेवल्या आणि समोर बसलो. मेंढीच्या वासावर दूध होतं, ओव्याची धुरी होती, आणि एक तिखट, ओला, अगदी नवा वास, जो या घरात शकुननंतर आला नव्हता. डाव्या पायाचा काठ जास्त घासला होता. म्हणजे पोरगी डावा पाय झाडते. पोटापाशी लोकर ताणून गोल राहिली होती. म्हणजे दूध पुरतं आहे. हे एकोडीला मला कोणी सांगितलं नव्हतं. मग गार पाणी, तूप, टॉवेल. पसरताना पोटाची गोलाई मी दाबून सपाट केली नाही. भांड्यात तूप थोडं उरलं होतं. उंबऱ्यावर बसलो आणि टाचांना लावलं. माझ्या टाचांना भेगा नाहीत. वास बरोबर आला. पण तो माझ्या पायांना येत होता, अंथरुणाच्या दुसऱ्या बाजूनं नव्हे, आणि हा फरक लोकरीच्या तुपानं भरून निघत नाही.

जीप गेल्यापासून धुरपताबाई माझ्याशी तुटक बोलायची. तिचं डोकं भिंतीवर आलं, तिनं ओसरीत पाहिलं: सावली, बाज, धोतर, आणि त्यावर उताण्या, पाय फाकवलेल्या, पोट वर आलेल्या दोन चड्ड्या. या वेळी तिच्या आवाजात नेहमीचा कडकपणा नव्हता.

"लेकरू आलं का जी, टेकचंदभाऊ?"

"आलं," मी म्हणालो. "हळू बोला. वाळून राहिलं."